न जेवण्याचा आजार आणि विमा

मागच्या महिन्यात आम्ही तीन डॉक्टर आमच्या खासदारांना भेटलो. विषय होता खाण्याच्या विकारांच्या उपचारखर्चाचा. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पोरगी जेवत नाही, त्यात विम्याचा काय संबंध?"

मी सांगितलं, ॲनोरेक्सियात नाडी ४० पर्यंत उतरते. वारंवार उलट्या काढल्या तर पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात. यात माणूस दगावतो. (आणि फक्त मुलींनाच होतो असंही नाही.) मग ते सरसावून बसले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१(४) तुम्हालाही माहीत असू द्या. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच निकषांवर विमा द्यावा लागतो. अडचण वेगळीच आहे. बहुतेक पॉलिसी रुग्ण दाखल झाला तरच पैसे देतात, आणि हे उपचार तर महिनोन्‌महिने ओपीडीतच चालतात: समुपदेशन, आहारतज्ज्ञ, रक्ततपासण्या. म्हणजे मूल कोसळेपर्यंत थांबायचं का? ओपीडीचा खर्चही मिळावा, एवढीच आमची मागणी. साहेबांनी निवेदन ठेवून घेतलं, संसदेत प्रश्न विचारतो म्हणाले. बघू.

तोवर तुमचा दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.