रात्री बेल कोण ऐकतं?

रविवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ५. व्हिजिटिंग अवर्स. आमच्या अख्ख्या खानदानाचं आजीप्रेम गेली दोन वर्षं याच सहा तासांत बसवलेलं आहे.

कार्यक्रम ठरलेला. मी दिव्याहून रोह्याची गाडी पकडते आणि पेणला उतरते. आई-बाबा डोंबिवलीहून कारने निघतात आणि पनवेलच्या पुढे कुठेतरी ट्रॅफिकला शिव्या घालत बसतात. काका पुण्याहून खोपोलीमार्गे येतात. मग आजीला घरचं वालाचं बिरडं भरवायचं, चिकूच्या झाडाखाली फोटो काढायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा. खाली कमेंट्स येतात, 'आजी किती फ्रेश दिसतेय!' संध्याकाळी परतीच्या गाडीत आपण फार काही चुकीचं केलेलं नाही, असं वाटायला लागतं.

आजी रोह्याची. अष्टमीच्या बाजूला आमचं घर. आजोबा गेल्यावर तिथे ती नऊ वर्षं एकटी राहिली, अगदी मजेत. मग बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, फिजिओ. आई-बाबांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांकडे दोघंही नोकरीवाले. मी ठाण्यात दोघींसोबत भाड्याने राहते, म्हणजे माझा प्रश्नच नव्हता (असं मीच ठरवलं). रोह्याच्या घरी दिवसरात्र बाई ठेवून पाहिली. चार महिन्यांत तीन बायका सोडून गेल्या. मग 'तो' शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला गेला. वृद्धाश्रम. आई रडली. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आजी म्हणाली, "चालेल की. रोह्याच्या जवळ बघा फक्त."

रिसर्चचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरातली पत्रकार ना मी! रायगड जिल्ह्यातले पाच वृद्धाश्रम पाहिले. एक्सेल शीट केली. खोली, बाथरूम, जेवण, बाग, टीव्ही, देऊळ, डॉक्टरांची फेरी, स्टेशनपासूनचं अंतर. प्रत्येकाला दहापैकी मार्क. पेणपासून थोडं आत असलेला एक वृद्धाश्रम पहिला आला. मला त्या शीटचा भलताच अभिमान होता. दोन मैत्रिणींनी मागून घेतली.

आणि मग गेल्या मे महिन्यात आजी मला आत्याच्या नावाने हाक मारू लागली.

मागच्याच रविवारी पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी माझी आजी सांगत होती की, धावीर महाराजांची पालखी दारात आली आहे, रांगोळी नाही, दार उघडा. रोह्याची पालखी निघते दसऱ्याच्या सुमारास. पोलिस सलामी देतात, सगळं गाव जागं असतं. पण मे महिन्यात? फॅमिली ग्रुपवर धडाधड निदानं आली. डिमेन्शिया. अल्झायमर. काका म्हणाले, "वय झालं, आता हे होणारच." मी रात्रभर गूगल करत बसले आणि सकाळपर्यंत मनातल्या मनात आजीला गमावून मोकळी झाले.

पेणच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "दिवसाला पाणी किती पितात?"

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं ना ते.

तिला युरिन इन्फेक्शन झालं होतं आणि अंगातलं पाणी कमी झालं होतं. सलाईन, अँटिबायोटिक. पाचव्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारली आणि 'नखं किती वाढवलीस' म्हणून झापलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. म्हातारपणी तहान कमी लागते. इन्फेक्शन झालं तरी कधी कधी तापच येत नाही, माणूस एकदम भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. स्मृतिभ्रंश हळूहळू, महिन्यांमहिन्यांनी वाढतो. एक-दोन दिवसांत अचानक झालेला गोंधळ म्हणजे 'वय झालं' नव्हे, लगेच डॉक्टर गाठायचा.

पण ती पाणी का पीत नव्हती? तिने सांगितलं ते असं :

"चारनंतर नाही पीत गं. रात्री उठायला लागतं. बेल वाजवली की ती बिचारी दुसऱ्या कुणाचं अर्धवट टाकून धावत येते. एकदा यायला उशीर झाला आणि कपडे खराब झाले माझे. या वयात तेवढं नको बाई."

मी काहीच बोलू शकले नाही.

ती हॉस्पिटलमधून परतली, तेव्हा मी परवानगी मागून एक रात्र तिच्या खोलीत राहिले. मंगळवार होता. रविवारी जिथे नातवंडं धावत असतात त्या व्हरांड्यात एकच ट्यूबलाइट होती. माणसं बावीस आणि रात्रपाळीला एक मावशी. बावीसपैकी सात जण पूर्ण अंथरुणावर. अशा माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा, जिथे हाडावर मांस कमी तिथे दाब पडून कातडी मरते आणि शय्याव्रण होतं. आधी नुसता लाल डाग दिसतो, बोटाने दाबला तरी जात नाही. दुर्लक्ष झालं तर हाडापर्यंत जखम जाते.

मी व्हरांड्यात बसून हिशेब केला. सात माणसं, बारा तासांची रात्र, दर दोन तासांनी वळवणं. बेचाळीस वेळा. शिवाय डायपर, बेल, कुणाचा खोकला, कुणाला लाइट हवा, कुणाला नको. बायकांमध्ये उठवायला जड माणूस असेल तर खरं तर दोघी लागतात.

मावशी कासूकडच्या एका गावातल्या. नवरा सीझनला गणपतीच्या कारखान्यात जातो. कुठल्या आजोबांना पायावर चादर चालत नाही आणि कुठल्या आजीला झोपेत मुलाचं नाव घेतलेलं ऐकून दोन मिनिटं थांबावं लागतं, हे त्यांना पाठ होतं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या खोलीतली बेल वाजली. मावशी पोचल्या तेव्हा दोन सत्तावीस झाले होते. परत जाताना मला म्हणाल्या, "ताई, उशीर झाला, सॉरी हां." माझी माफी! मी तर नुसती घड्याळ बघत बसले होते.

सकाळी मी तावातावाने मॅनेजरसमोर. त्यांनी शांतपणे चहा मागवला. रात्रीची दुसरी बाई ठेवायची तर पंधरा हजार रुपये पगार. बावीस जणांत वाटले तर माणशी महिन्याला सातशेच्या आत. "आम्ही विचारलं होतं नातेवाइकांना. बहुतेक जण म्हणाले, फी आधीच जास्त आहे. तुमच्या घरूनही उत्तर आलं नव्हतं." मी फोन उघडला. सहा महिन्यांपूर्वीचा मेसेज होता. वाचलेला. मीच वाचलेला. त्याच आठवड्यात शनिवारच्या डिनरचं माझ्या वाट्याचं बिल सातशेहून जास्त होतं, हेही आठवलं.

राग आला की पत्रकार कायदा शोधतो. मीही शोधला. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलं. ते मंजूर झालंच नाही आणि २०२४मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. पण मी अडकले ती वेगळ्याच ओळीवर. या कायद्यात 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत सज्ञान नातू आणि नातसुद्धा येतात. 'माझा प्रश्नच नव्हता' असं मी म्हटलं होतं ना? कायदा तसं म्हणत नाही.

मग ती जुनी शीट डिलीट केली. तुमच्या घरी कधी ही वेळ आली (आपल्या वयाच्या सगळ्यांच्याच घरी येणार आहे, आजी-आजोबांची नाहीतर आई-बाबांची), तर बागेला मार्क देण्याआधी एवढं विचारा :

• रात्री किती माणसांमागे किती जण ड्युटीवर असतात? आकडा विचारा, 'पुरेसे' हे उत्तर नाही.
• अंथरुणावरच्या माणसांना कधी वळवलं, याची नोंद ठेवतात का? वही दाखवायला सांगा.
• बेल अंथरुणातून हाताला लागते का? एकदा वाजवून बघा.
• पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे का? संध्याकाळी तो किती रिकामा झालाय?
• रात्री तब्येत बिघडली तर गाडी कुठली, हॉस्पिटल कुठलं आणि फोन कुणाला?
• डिपॉझिट परत कधी आणि किती मिळतं, हे लेखी आहे का?
• रविवार सोडून, न सांगता आलेलं चालतं का?

आणि ज्येष्ठांची मदत-हेल्पलाइन १४५६७ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

त्यानंतर मी सगळ्या नातेवाइकांना एकेक करून फोन केले. तीन जणांनी उचललेच नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, "आमची आई काही तक्रार करत नाही हो." मी त्यांना पाण्याची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "माझी आईसुद्धा संध्याकाळी चहा नको म्हणते." शेवटी सोळा घरं तयार झाली. उरलेल्यांचा वाटा आम्ही सोळा जणांनी उचलला, प्रत्येकी हजाराच्या आत. ऑगस्टपासून रात्रीला दोन मावशी आहेत.

सगळं छान झालंय, असं नाही. आजीला अजून रोह्याचं घर हवं असतं आणि आम्ही अजून ते देऊ शकत नाही. आता मी रविवारी क्वचित जाते. मध्येच एखाद्या बुधवारी ऑफिसांच्या मीटिंगा चुकवून संध्याकाळच्या गाडीने पेणला उतरते आणि आधी तिचा तांब्या बघते.

परवा रात्री साडेनऊला फोन केला.

"पाणी प्यायलीस का?"

"प्याले गं बाई, पोलिसासारखी विचारतेस. दोघी आहेत आज. तू जेवलीस का?"