तेवीस तासांचा रविवार

इंग्लंडमध्ये मार्चचा शेवटचा रविवार तेवीस तासांचा असतो. शनिवारची मध्यरात्र उलटून एक वाजायच्या क्षणी घड्याळात दोन होतात आणि मधला तास कुणाच्याच वाट्याला येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो परत मिळतो. त्या रात्री दोन वाजायच्या जागी पुन्हा एक वाजतो आणि दिवस पंचवीस तासांचा होतो. सरकारदरबारी हा व्यवहार एका क्षणात उरकतो. घराला मात्र त्यासाठी आठवडा लागतो. लंडनच्या आग्नेय टोकाला आमच्या घरात हा आठवडा वर्षातून दोनदा येतो आणि आता मला तो मनापासून आवडतो. घरातलं कोण कशाच्या आधाराने दिवस काढतं, हे एरवी दिसत नाही. त्या आठवड्यात ते दिसतं.

शनिवारी रात्रीची जेवणं झाली की घड्याळांची फेरी निघते. फोन आपापले बदलतात, त्यांच्याकडे बघावं लागत नाही. ओव्हनवरचे आकडे, मोटारीतलं घड्याळ, दिवाणखान्यातलं काट्यांचं घड्याळ यांना मात्र हात लावावा लागतो. सर्वांत महत्त्वाचा तो हीटिंगचा टायमर. तो राहिला तर सकाळी आंघोळीच्या वेळी घर गारठलेलं असतं. थोरला मुलगा स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ उतरवतो, मागची चावी फिरवतो आणि काटा पूर्ण फेरी मारून पुढे येईपर्यंत श्वास रोखून बघतो. एवढं झालं की घड्याळांपुरता प्रश्न मिटतो. माणसांचा दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

हा बदल ज्याने ब्रिटनच्या गळी उतरवायचा ध्यास घेतला, तो माणूस आमच्याच परिसरातला. त्याच्या आधी, १८९५ साली, न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी असाच प्रस्ताव मांडला होता. ते टपाल खात्यात नोकरीला होते आणि त्यांना कीटक जमवण्याचा नाद होता. काम संपल्यावर हातात उजेड उरावा म्हणून घड्याळ दोन तास सरकवावं, असं त्यांचं म्हणणं. इकडे चिझलहर्स्टला राहणारे विल्यम विलेट घरं बांधण्याच्या धंद्यात होते. उन्हाळ्यात ते पहाटे घोड्यावरून रपेट मारायला जात. ऊन चांगलं वर आलेलं असताना घरोघरचे पडदे बंद आणि माणसं झोपलेली, हे त्यांना बघवेना, असं सांगतात. १९०७ साली त्यांनी ‘द वेस्ट ऑफ डेलाइट’ नावाची पुस्तिका स्वतःच्या खर्चाने काढली आणि पुढची वर्षं तिच्यामागे घातली. १९१५ मध्ये ते वारले. जे त्यांना आयुष्यभर जमलं नाही ते महायुद्धाने घडवलं. कोळसा वाचवायचा म्हणून जर्मनीने १९१६ च्या ३० एप्रिलला घड्याळं पुढे केली आणि २१ मे रोजी ब्रिटननेही केली.

पेट्स वुडच्या रानात विलेट यांच्या स्मरणार्थ एक दगडी सूर्यघटिका उभी आहे. तिच्यावरचे आकडे उन्हाळी वेळेप्रमाणे मांडलेले आहेत. मुलांना घेऊन मी तिथे अधूनमधून जाते. पायाखाली ओकची पानं आणि डोक्यावर पाखरांचा कलकलाट असतो, आणि झाडांमधल्या मोकळ्या जागेत या हट्टी, प्रेमळ माणसाची आठवण उभी असते. त्यांना मी प्रेमळ म्हणते ते त्यांच्या मूळ योजनेमुळे. एका झटक्यात तास हिरावून घ्यायचा त्यांचा विचार नव्हता. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळ पुढे न्यायचं आणि सप्टेंबरच्या चार रविवारी तसंच हळूहळू मागे आणायचं, असं त्यांनी मांडलं होतं. माणसाला सवय व्हायला वेळ लागतो, हे त्यांनी हिशेबात धरलं होतं. कायदा करताना ते टप्पे गळाले आणि अख्खा तास एकदम आला. पण ज्या घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस आहे, त्या घरात आजही विलेट यांचीच मूळ योजना चालते. संसदेने वगळलेले ते टप्पे घरातल्या बायका आणि बाप्ये आपापल्या हिमतीने पाळतात.

आमच्याकडे ते आदल्या सोमवारपासून सुरू होतात. धाकटीचं जेवण जरा अलीकडे येतं, मग आंघोळ, मग गोष्ट. दोन दिवसांनी आणखी थोडं अलीकडे. झोपायची वेळ एकटी सरकवून भागत नाही, तिच्यामागची सगळी माळ ओढावी लागते. मूल घड्याळ ओळखत नाही. वरणभाताचा वास, आंघोळीचं कोमट पाणी, अंगाईचा सूर ही त्याची घड्याळं. रविवार उजाडतो तोवर तिचा अर्धा प्रवास झालेला असतो आणि उरलेला अर्धा पुढच्या चार दिवसांत होतो. तरी मार्चच्या त्या संध्याकाळी ती पडद्याच्या फटीतून बाहेर बघते आणि म्हणते, “आई, अजून दिवस आहे.” तिचं खरंच असतं. आदल्या दिवशी साडेसहाच्या आत मावळलेला सूर्य आज साडेसातला मावळणार असतो. मी तिला दामटत नाही. जाड पडदा ओढते आणि तिच्या शेजारी पडून राहते. तिच्या अंगाला जे पटलेलं नाही ते तिला शब्दांनी कसं पटवणार?

हे अंगाला पटणं म्हणजे काय, ते शास्त्राने बऱ्यापैकी उलगडलं आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. झोप, जाग, अंगाची उष्णता, संप्रेरकांची चढउतार या साऱ्यांचा ताल तो धरतो. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं याचा छडा फळमाश्यांवरच्या संशोधनातून लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकल रॉसबाश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. म्हणून उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर उठणं जिवावर येतं. मार्चचा तास ऑक्टोबरच्या तासापेक्षा जड वाटतो तो यामुळेच. त्यावरचा उपायही त्याच शास्त्रात आहे. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की आतलं घड्याळ अलीकडे सरकतं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत उजेडात राहिलं की ते पलीकडे जातं. त्यामुळे मार्चच्या त्या आठवड्यात आमचा चहा मागच्या अंगणात होतो, गारठा असला तरी, अंगावर शाल घेऊन. ऑक्टोबरात उलट. मुलं नव्या घड्याळाने पाचलाच टक्क जागी होतात, म्हणून सकाळी पडदे मिटलेले ठेवायचे आणि दुपारी उजेड असेतो त्यांना बागेत खेळू द्यायचं.

सासूबाई काही महिने आमच्याकडे राहून जातात तेव्हा घराला आणखी एक वेळ मिळते. त्यांची रक्तदाबाची गोळी आणि सकाळचा उपमा आम्ही धाकटीच्या जेवणासारखेच हळूहळू सरकवतो. देवाजवळचा दिवा मात्र त्या घड्याळाच्या हाती देत नाहीत. तो तिन्हीसांजेला लागतो. जूनमध्ये लंडनचा सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तेव्हा धाकटी झोपून गेल्यावर दिवेलागण होते. डिसेंबरात चारच्या आत सूर्यास्त होतो आणि मुलं शाळेतून येऊन दप्तर टाकतात तोच शुभंकरोती सुरू होतं. त्या रविवारी घड्याळ तासाची उडी मारतं, पण दिवा रोजच्यासारखा दोनेक मिनिटंच सरकतो. मुलांना ही गोष्ट आजीकडून कळली. ऋतू कधीच उडी मारत नाही, तो दोन-दोन मिनिटांनी येतो, हे तिने न सांगता त्यांना दाखवलं.

सण आणि हा रविवार कधी कधी एकाच दिवशी गाठ घेतात. २०१६ आणि २०१९ साली लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या त्याच रविवारी आलं होतं. आदल्या संध्याकाळच्या मानाने तासभर आधीच, पावणेपाचच्या आत, सूर्य मावळला आणि लंडनभरच्या आपल्या लोकांनी भर दुपार वाटावी अशा वेळी पणत्या लावल्या. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला, तेवीस तासांच्या रविवारीच होता. नवं वर्ष आणि नवी वेळ एकाच पहाटे आली. गुढी सूर्योदयाला उभारायची, त्यामुळे कोणतं घड्याळ बरोबर हा प्रश्नच उरला नाही. पूर्वेच्या छपरांवर तांबूस रेघ उमटली आणि आम्ही काठीला रेशमी वस्त्र बांधलं.

सासूबाई गिरगावातल्या. तिथल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांनी दोन वेळांच्या मुंबईबद्दल ऐकलेलं आहे. १९०६ साली सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तेव्हा मुंबईकरांनी ती सहजी घेतली नाही. शहराची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे होती. ती ‘मुंबई टाइम’ म्हणून १९५५ पर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही काही वर्षं घड्याळं तासभर पुढे होती. म्हणजे वरून आलेली वेळ आणि डोक्यावरचा सूर्य यांची सांगड घालत जगणं आपल्या माणसांना अगदीच नवखं नाही.

या रविवारचा आणखी एक हिशेब आहे. तो इथल्या शेजाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, पण परदेशातल्या प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ असतो. माझे आई-वडील साताऱ्याला असतात. हिवाळ्यात इथलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार तास. हिवाळ्यात मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की भारतातली वेळ दिसते. इथे दुपारचे तीन वाजले असले तर उलट्या घड्याळात साडेआठ, म्हणजे साताऱ्याची रात्र. मी ऑफिसातून पाचला सुटते तेव्हा हिवाळ्यात तिकडे साडेदहा झालेले असतात आणि आई झोपलेली असते. मार्चचा तो रविवार झाला की तिकडे साडेनऊच वाजलेले असतात. ती अजून जागी असते, मागचं आवरून, पाय लांब करून बसलेली. “तुमचं घड्याळ बदललं ना गं?” हा दर वर्षीचा पहिला प्रश्न. मग स्टेशनापासून घरापर्यंतची वाट तिच्याशी बोलत सरते. सगळं इंग्लंड त्या दिवशी एक तास गेला म्हणून हळहळतं, तेव्हा मला साताऱ्याचा एक तास मिळालेला असतो. ऑक्टोबरात सगळे तासभर जास्त झोपतात आणि आई मात्र माझ्यापासून तासभर लांब जाते. तेव्हा मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करते. तिची तिन्हीसांज सरलेली असते आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.

ऑक्टोबरनंतरचे दिवस इथे खरोखर कठीण असतात. संध्याकाळ अशी उरतच नाही, दुपारच एकदम रात्रीला मिळते. हे टाळण्यासाठी १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळ पुढेच ठेवून पाहिलं. पण सकाळी इतका काळोख असे की शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दंडावर चमकणाऱ्या पट्ट्या बांधाव्या लागल्या, आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये तर दहा वाजायला आले तरी सूर्य दिसत नसे. १९७० च्या डिसेंबरात संसदेने मोठ्या मताधिक्याने तो प्रयोग आवरता घेतला. अलीकडे युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये हा वर्षातून दोनदाचा बदल थांबवण्याच्या बाजूने मत दिलं, पण ते अमलात आलेलं नाही. वाद दोन्ही बाजूंनी खरा आहे. उत्तरेकडच्या हिवाळ्यात उजेडच थोडा असतो. तो सकाळी घ्या नाहीतर संध्याकाळी घ्या, वाढत नाही.

म्हणून मला वाटतं, कायदा राहिला काय किंवा गेला काय, तास पोटात घ्यायचं काम घरालाच करावं लागणार. ते काम छोटं नाही. जे सर्वांत लहान आहे आणि जे सर्वांत थकलेलं आहे, त्याच्या चालीने सगळ्या घराने आठवडाभर चालायचं, असं ते काम आहे. आमच्या भागात दर वर्षी नवी मराठी कुटुंबं येतात, कडेवर तान्ही बाळं असतात, मदतीला कुणी नसतं. त्यांना मी हेच सांगते. त्या रविवारी कुणाला जेवायला बोलावू नका. सोमवारच्या डब्याची तयारी शनिवारीच करून ठेवा. बाळाला आधीच्या आठवड्यापासून थोडं थोडं सरकवा, आणि नाही सरकलं तर त्याला दोष देऊ नका, तेही आठ दिवसांत येतं. ऊन दिसेल तेव्हा दार उघडून बाहेर पडा. घरी फोन कधी करायचा ते नव्याने ठरवून आईला आधी कळवा, म्हणजे ती वाट बघत जागणार नाही. आणि अगदीच थकलात तर आमच्याकडे या. मार्चच्या त्या आठवड्यात आमचा चहा सकाळी अंगणातच असतो, दोन कप वाढवायला काहीच लागत नाही.