उसाच्या छेदातली निळी चमक

घोड आणि भीमेच्या काठी, शिरूर तालुक्यात, ऊस मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. त्यात गवताळ वाढ हा रोग शिरला की बेटात बारीक, फिकट पानांच्या फुटव्यांची गर्दी होते. रोगाला कारण असलेला फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू, रसवाहिनीच्या चाळणी नलिकांत राहतो. पूर्ण वाढलेल्या चाळणी नलिकेत केंद्रक नसते. म्हणून डीएनएला चिकटणारा डॅपी हा रंग दिल्यावर तिथे निळे ठिपके दिसले, तर संशय बळावतो.

अडचण अशी की उसाचा छेद रंग न देताही निळा चमकतो. अतिनील प्रकाशात भित्तिकांमधले लिग्निन आणि फेरुलिक आम्ल उजळतात, आणि डॅपीचा उजेडही ४६० नॅनोमीटरच्या आसपास, त्याच पट्ट्यात येतो. शिरूर भागातल्या उसाचे छेद तपासताना प्रस्तुत लेखकाला हे फार जाणवले. जून कांडीत रसवाहिनीभोवतीच्या दृढ पेशी इतक्या झळाळतात की आतले ठिपके दिसेनासे होतात. कोवळ्या पेऱ्यात लिग्निन कमी असते, तिथे तेच ठिपके स्वच्छ दिसतात. नमुना कुठून कापायचा याचा विचार हाच चमक कमी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

ऊती टिकवण्यासाठी वापरलेली रसायनेही चमक वाढवतात. यात ग्लुटराल्डिहाइड फॉर्माल्डिहाइडपेक्षा वाईट. सोडियम बोरोहायड्राइडच्या सौम्य द्रावणाने ही भर घटते, पण बुडबुडे येऊन छेद काचेवरून सुटतात; हात हलका हवा. टोल्युडीन ब्लू लिग्निनची चमक दाबतो, मात्र तो डीएनएलाही चिकटतो, त्यामुळे डॅपीच्या तपासणीत टाळलेला बरा. प्राण्यांच्या ऊतींतल्या लिपोफ्युसिनवर चालणारा सुदान ब्लॅक इथे उपयोगाचा नाही, कारण उसात चमकणारे द्रव्यच वेगळे. लाल टोकाला उजळणारा रंग निवडला तर लिग्निनचा त्रास कमी होतो, पण ६८० नॅनोमीटरच्या आसपास चमकणारे हरितद्रव्य आडवे येते. ते आधी अल्कोहोलने धुऊन काढावे लागते.

एवढे करूनही थोडी चमक उरतेच. म्हणून रंग न दिलेला छेद आणि निरोगी उसाचा रंग दिलेला छेद, दोन्ही त्याच प्रकाशात, तितक्याच वेळेच्या छायाचित्रात शेजारी ठेवावे लागतात. शेवटची खात्री पीसीआरनेच होते. बेणेमळ्यातला संशयित ऊस तपासणीला पाठवणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याच वाणाचा, त्याच वयाचा एक निरोगी ऊसही सोबत द्यावा.