सावित्रीच्या माथ्यावर एक दिवस

आम्ही महाडचे. २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. तेव्हापासून अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, पावसाळ्यात रात्रभर नीट झोपत नाहीत. मध्येच उठून गॅलरीतून रस्त्यावर पाणी आले का ते पाहतात.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर मी म्हटले, "अम्मी, चला, आपली नदी जिथून येते तिथे एक दिवस जाऊन येऊ."

"ती येऊन गेली की आपल्या घरी. आता मी कशाला जाऊ?" त्या म्हणाल्या. पण नातीने हट्ट धरला आणि त्या तयार झाल्या.

फजरनंतर निघालो. पोलादपूरला महामार्ग सोडला की आंबेनळी घाट लागतो. तिथून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. खाली उकाडा होता. चार-पाच वळणे चढल्यावर काचा खाली केल्या आणि गार वारा आत आला. गवताचे शेंडे पिवळे पडू लागले होते, कडेला सोनकीची फुले होती. २०२१ मध्ये याच रस्त्यावर ठिकठिकाणी दरडी कोसळल्या होत्या.

एका रुंद वळणावर गाडी लावून आम्ही जवळच्या ओढ्यापर्यंत चालत गेलो. पाणी जेमतेम घोट्याएवढे. नात त्यात उतरली. "हेसुद्धा सावित्रीलाच मिळते," मुलाने सांगितले. अम्मी काठावरच उभ्या राहिल्या.

महाबळेश्वरच्या बाजारात मशीद आहे. पुरुषांनी जोहर तिथे अदा केली, आम्ही दोघींनी गाडीजवळ चटई टाकली. मग घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचे सुके खाल्ले. स्ट्रॉबेरीला अजून वेळ होता. शेतांत रोपांची लागवड चालली होती.

तिथून क्षेत्र महाबळेश्वरमार्गे ऑर्थर सीटला गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरला मानतात. कृष्णा पूर्वेला वळून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेच्या कड्यावरून कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाड करत अरबी समुद्र गाठते.

गाडीतळापासून टोकापर्यंतची वाट थोडीच आहे. झाडांतून, लाल मातीतून जाते. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून दोनदा बसलो. माकडांपासून पिशव्या आणि दरीपासून मुले सांभाळावी लागतात, एवढेच.

टोकाला पोहोचलो आणि खाली सावित्रीचे खोरे उघडले. या जागेला ऑर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे. त्याची बायको आणि मूल सावित्रीत बुडून गेले, म्हणून तो इथे बसून त्या नदीकडे पाहत राही, असे सांगतात. मुलाने ते ऐकवले तेव्हा अम्मी काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी विचारले, "त्या दिवशी इथे पाऊस किती झाला होता?"

"चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर. सपाट जागी साठला तर गुडघ्याच्या वर."

"आणि ते सगळे असे खाली?"

"या बाजूचे सगळे आपल्याकडे."

असरची वेळ झाली. महाड इथून जवळ, म्हणून कसर नाही. पूर्ण चार रकअत. गर्दीपासून बाजूला, झाडाखाली चटई टाकली. किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. महाडही साधारण त्याच दिशेला. दरीकडे, आपल्याच गावाकडे तोंड करून अम्मींनी नमाज अदा केली आणि दुआसाठी उचललेले हात बराच वेळ खाली घेतले नाहीत.

अंधार पडण्याआधी घाट उतरलो.

या पावसाळ्यातही त्या रात्री उठतात. पण आता गॅलरीत जाण्याआधी मुलाला हाक मारतात, "महाबळेश्वरला किती पडला, बघ." आकडा मोठा असला की आम्ही सगळे कामाला लागतो. कागदपत्रे, औषधे, धान्याचे डबे वर चढवतो. परवा मी म्हटले, "अम्मी, अल्लाहवर भरवसा ठेवा." त्या म्हणाल्या, "भरवसा आहेच गं. आधी तांदळाचा डबा माडीवर ने."