एडिनबराचा उतार

वय वाढतं तशी शहर पाहण्याची रीत बदलते. लहानपणी किल्ला आणि तोफ हवी असते, तरुणपणी उंचावरचा देखावा. पुढे मात्र इथली माणसं राहत कशी होती, हा प्रश्न पाठ सोडत नाही. तिन्ही वयांचं कुटुंब सोबत असेल आणि हाताशी एकच दिवस असेल, तर एडिनबरात किल्ल्याच्या दारापासून होलीरूड राजवाड्यापर्यंतचा रॉयल माइल पायी उतरावा, असं माझं ठाम मत आहे. सुमारे १.८ किलोमीटरचा हा उतार म्हणजे हिमयुगाची करणी. पश्चिमेकडून सरकणारा बर्फ ज्वालामुखीच्या कठीण खडकाला अडला आणि त्याच्या आडोशाला पूर्वेकडचा मऊ खडक शेपटीसारखा शिल्लक राहिला. खडकावर किल्ला आला, शेपटीवर गाव. दोन्ही अंगांना घसरण, भोवती तट; मग घरं मजल्यावर मजले चढवत गेली आणि एकाच जिन्यावरून श्रीमंत-गरीब ये-जा करू लागले. १७६७ मध्ये जेम्स क्रेगचा न्यू टाउनचा आराखडा मंजूर झाला, ऐपतदार मंडळी हळूहळू दरीपलीकडे गेली आणि जुन्या वस्तीत दाटी व दारिद्र्य उरलं. ॲडव्होकेट्स क्लोज या बोळाच्या तोंडाशी उभं राहावं: पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणाऱ्या काळपट दगडी भिंती, आणि त्यांच्या फटीतून पलीकडे दिसणारा सर वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाचा टोकदार मनोरा. दोन शहरांमधलं अंतर तिथे नजरेच्या एका टप्प्यात येतं.

किल्ला आतून पाहिला नाही तर मुलं हिरमुसतील, असं कुणी म्हणेल. पण रविवार सोडला तर दुपारी एकची तोफ बाहेरही ऐकू येते. कॅल्टन टेकडीवरचा वेळ दाखवणारा गोळा धुक्यात दिसेना, म्हणून बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत यासाठी १८६१ पासून ती डागू लागले. हे आधी सांगून ठेवलं, तर मुलं त्या आवाजाची वाट पाहतील. रस्ताभर चौकड्यांच्या शाली विकणारी दुकानं आहेत, हा आक्षेप खराच. म्हणून तर दर थोड्या वेळाने बोळात शिरायचं. उरला प्रश्न म्हाताऱ्या गुडघ्यांचा. पावसात तिथली फरसबंदी निसरडी होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यासाठी वरपर्यंत टॅक्सी करावी, बोळांचा आग्रह धरू नये, वाटेत सेंट जाइल्स कॅथेड्रलमध्ये निवांत बसावं. पायथ्याशी पोचल्यावर ज्यांच्यात दम उरला असेल त्यांनी सॉल्सबरी क्रॅग्सच्या कड्यांकडे जावं; वितळलेला खडक जुन्या थरांत घुसल्याचा पुरावा भूशास्त्रज्ञ जेम्स हटनला तिथेच सापडला होता.