ट्रक एक, क्लेम चार

विमा म्हणजे एक पॉलिसी, एक कंपनी आणि शेवटी एक चेक, एवढीच माझी समजूत होती. सांगलीहून हळद भरून वाशीला निघालेला आप्पांचा दहाचाकी ट्रक खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर आडवा झाला, तेव्हा ती समजूतही आडवी झाली. आप्पा म्हणजे माझे चुलते. ड्रायव्हरमामांचा हात मोडला, क्लीनर पोरगा खरचटण्यावर निभावला. घरात बी.कॉम. झालेली मी एकटीच, म्हणून फोन मला. "हिशेबाचं काम आहे, तूच बघ."

हिशेब नंतर. आधी पेच असा, की पोलिसांना महामार्ग मोकळा हवा आणि हेल्पलाइनवरची मुलगी म्हणते, स्पॉट सर्व्हे होईपर्यंत गाडी हलवू नका. मालवाहू गाडी कशी पडली, भार कसा होता, हे सर्व्हेअर जागेवर येऊन बघतो. गॅरेजमधला सर्व्हे वेगळा. पण सातारा रस्ता कोण अडवून ठेवणार? शेवटी क्लीनर पोराने मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले, नंबर प्लेट आणि तुटलेलं बॅरियर एकाच चौकटीत येईल असे. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे सर्व्हेअरने पोलिसांच्या पंचनाम्याबरोबर तेच फोटो लावले.

क्रेनचं बिल बघून मी पॉलिसी उघडली. ट्रक ओढून नेण्याच्या खर्चाची मर्यादा २,५०० रुपये. एखादं शून्य गळलंय असं वाटून पुन्हा वाचलं. गळलं नव्हतं.

मग कागद. आरसी, परमिट, फिटनेस, पीयूसी, बिल्टी, ई-वे बिल, वजनकाट्याची पावती आणि लायसन्स. सर्व्हेअरने सगळ्यांत आधी लायसन्स मागितलं. साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आहे. तो मी मोठ्या उत्साहाने शोधून काढला. सर्व्हेअर शांतपणे म्हणाला, "ताई, तुमची गाडी दहाचाकी आहे." मामांचं लायसन्स हेवीचंच निघालं, म्हणून वाचलो.

सर्व्हेअर पैसे कापायलाच येतो, असं गॅरेजवाल्याने बजावून ठेवलं होतं. मला मात्र या सगळ्या प्रकरणात नीट समजावून सांगणारा तोच एक माणूस भेटला. तो कंपनीचा नोकर नसतो, विमा नियामकाचा परवाना घेतलेला असतो, हेही तेव्हाच कळलं. गॅरेजच्या इस्टिमेटवर त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. ट्रक सहा वर्षांचा, म्हणून पत्र्याच्या आणि लोखंडी भागांवर ४० टक्के घसारा. रबर, प्लास्टिक, बॅटरीवर ५०. काचेवर काहीच नाही. म्हणजे फुटलेली समोरची काच पूर्ण मिळणार आणि चेपलेला दरवाजा साठ टक्के! दुरुस्ती गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेली असती तर ट्रक 'टोटल लॉस'मध्ये गेला असता. आप्पांना ती धास्ती होती. आकडा खाली राहिला.

खरा चिमटा बसला तो आयएमटी २३ नावाच्या कलमाचा. मालवाहू गाडीचे दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंगकाम हे सगळं जादा प्रीमियम भरून ते कलम घेतलं असेल तरच मिळतं. आप्पांच्या पॉलिसीत ते नव्हतं. एजंटाने स्वस्तात बसवून दिलेली पॉलिसी. ट्रक कुठेही धडकला तरी आधी बंपर आणि हेडलाइटच जाणार ना? नेमकं तेवढंच वगळून विमा विकायचा, याला माझ्या मते धंदा म्हणत नाहीत.

बॅरियरचं बिल आलं तेव्हा आप्पा रोख देऊन मोकळे होणार होते. सर्व्हेअरनेच अडवलं: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला पैसे देऊ नका, कबुलीही देऊ नका, तशी पॉलिसीची अटच आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत सोय होती. बिल कंपनीकडे गेलं.

मामांचं प्रकरण नाजूक. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली त्यांनी अर्ज करायचा होता, आणि त्यात आप्पांचं नाव समोरच्या बाजूला येणार होतं. "अठरा वर्षं मीठ खाल्लं, आता मालकावर केस घालू?" ते ऐकेचनात. नाव मालकाचं, पैसे विमा कंपनीचे, हे मी सांगून पटलं नाही. आप्पा दवाखान्यात जाऊन म्हणाले, "घाल रे माझ्यावर केस," तेव्हा सही झाली.

दुरुस्तीचे पैसे आले, ट्रक रस्त्यावर आला. आणि मग हळदीचं पत्र. व्यापाऱ्याला त्याच्या ट्रान्झिट विम्यातून भरपाई मिळाली होती. आता ती विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्ट ऑफिसकडे वसुली मागत होती, आणि ऑफिसने ते पत्र आप्पांकडे सरकवून उरलेलं भाडं रोखलं होतं. ट्रकच्या पॉलिसीत ट्रकमधला माल बसत नाही, हे तोवर मला कळून चुकलं होतं. आप्पांनी बिल्टीवर छापलेलं 'माल मालकाच्या जबाबदारीवर' दाखवलं. वकिलांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी विचारलं, बुकिंग कधीचं? २००७ च्या मालवाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत नोटीस लागते. आम्ही दोन्ही तारखा शेजारी ठेवून दिवस मोजले. नोटीस मुदतीत होती. मात्र बिल्टी ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाची, म्हणून पहिलं उत्तर त्याने द्यायचं, असं वकिलांनी लिहून पाठवलं. त्याने भाडं अजून सोडलेलं नाही. आप्पा आता दुसऱ्या ऑफिसचा माल भरतात.