पुठ्ठ्यावरचे डाग

जुनी गाडी दारात असलेल्या घरात एक वाद कधीच मिटत नाही: गाडी खरंच बिघडली आहे, की वय झालं म्हणून नुसती गळते आहे? आमच्याकडे मामंजींची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निघून गेल्या. आमची मात्र अजून बाजाराला जाते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते, ती यंदा आली. नेमकं तेव्हाच गॅरेजवाल्याने सांगितलं, "वहिनी, इंजिन उतरवावं लागेल. सगळीकडून तेल येतंय." खर्चाचा आकडा ऐकून ह्यांनी गाडी विकायचं बोलून दाखवलं. मामंजी काही बोलले नाहीत. रात्री जेवले मात्र कमीच.

"सगळीकडून" हे उत्तर मला पटेना. नळ, टाकी, कुकर, पावसात पाझरणारी भिंत... गळतीचा माग काढण्यातच तर आपला जन्म जातो! फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा रात्री गाडीखाली पसरला, चारी चाकांच्या जागी खुणा केल्या आणि सकाळी डाग पाहिले. काळपट, चिकट डाग इंजिनच्या तेलाचा. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा असेल तर तो कूलंटचा. तो आधी पुसून टाका. विषारी असतो, आणि गोडीमुळे कुत्री-मांजरं चाटतात. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळा डाग दिसला तर तो बहुधा ब्रेक ऑइलचा.

हा शेवटचा आम्हाला तिसऱ्या सकाळी दिसला, मागच्या डाव्या चाकाशी. दुपारी घाट उतरून नणंदेकडे साखरपुड्याला जायचं होतं. हे म्हणाले, "वरून तेल घालू आणि जाऊन येऊ." मी मुलांना घेऊन सरळ एस.टी. स्टँड गाठलं, थोड्या वेळाने हेही आले, गाल फुगवून. बाकीच्या गळतीशी चार दिवस तडजोड करता येते, ब्रेकशी नाही. चाकाजवळच्या सिलिंडरमधलं रबर झिजलं होतं. वस्तू किरकोळ, पण तिथून तेल गेलं की पेडल दाबलं तरी ते नुसतं खाली जातं.

इंजिनच्या तेलाची गंमत वेगळी. ते वरून ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे जिथे ठिबकतं तिथेच गळतं असं नाही. गॅरेजमध्ये इंजिन धुऊन, पुसून कोरडं करून घेतलं, एक फेरी मारली आणि वरून खाली बघत आलो. सगळं तेल येत होतं टॅपेट कव्हरच्या कडेने! त्याखालचं बुचाचं पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं, कुकरची जुनी रिंग होते ना, अगदी तसं.

पॅकिंग बदलताना मी शेजारी उभी होते आणि दोनदा बाचाबाची झाली. गॅरेजवाल्याला सिलिकॉनचा जाड थर द्यायचा होता. पण जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही पिळून निघतं. त्याचा तुकडा सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकला तर? दोन्ही कडा खरवडून स्वच्छ केल्या की बुचाचं पॅकिंग तसंच बसतं. दुसरा वाद नट आवळण्यावरून. जोर लावला की कव्हरचा पत्रा वाकतो, बूच चिरडतं आणि पुन्हा गळती सुरू. थोडा इकडचा, थोडा तिकडचा, असे बेताने आवळायचे.

एवढ्यात मामंजींनी विचारलं, "ब्रीदर पाहिलास का रे?" इंजिनमधली वाफ नि वायू जायची ही नळी तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. शिट्टीची नळी तुंबलेला कुकर आठवा! आमची काजळीने जवळजवळ बंदच होती. साफ केली नसती तर नवं पॅकिंगही फार टिकलं नसतं.

नोंदणी झाली. गिअरबॉक्सच्या बाजूला रात्रीतून अजून दोन थेंब पडतात. तो मागचा ऑइल सील. सील स्वस्त, पण बसवायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि दोन थेंबांसाठी मी एवढी मजुरी देणार नाही. खाली एक जुनं ताट ठेवलंय. मामंजी रोज चहाआधी डिपस्टिक काढून बघतात. तेल ताकासारखं दुधट दिसलं, तर हेड गॅस्केट गेलं असं समजायचं. मग मात्र इंजिन उघडावंच लागेल. अजून तरी काळंच आहे.